हात खाली ठेवायची शाळा

बहिऱ्या मुलांची शाळा नारळाच्या वाडीत काढू नये. पुण्याला मी वर्षभर या शिक्षणाची पदविका केली, त्यात कानाची रचना शिकवली, जिभेच्या जागा शिकवल्या, पण ही साधी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. नारळ सुटला की झावळ्यांत आधी सळसळ होते आणि ऐकणारा माणूस वर न बघताच दोन पावलं बाजूला होतो. आमची मुलं होत नसत. नागावच्या नानांनी आपल्या वाडीतलं एक घर शाळेला दिलं, त्या पहिल्याच आठवड्यात प्रार्थनेच्या रांगेच्या बरोबर मधे एक नारळ पडला. मुलांनी नारळाकडे बघितलं, मग वर बघितलं, आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघितलं, जणू मीच तो टाकला होता. त्या दिवशी मी नानांना सांगितलं, एक तर नारळ पिकायच्या आधी उतरवा, नाही तर मुलांना हेल्मेटं द्या. नाना आमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि वाडीचे मालक. हेल्मेटांपेक्षा शहाळी बरी, असा विचार करून त्यांनी नारळ उतरवले. ती सगळी शहाळी मुलांनीच प्यायली.

त्या शाळेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी मुख्याध्यापिका म्हणून. अलिबाग-मुरुड एसटीचे कंडक्टर आमच्या थांब्याला 'मुक्यांची शाळा' म्हणत. सुरुवातीला मी उतरता उतरता त्यांना समजावून सांगायची, की आमची मुलं मुकी नाहीत. त्यांचा गळा तुमच्या-माझ्यासारखाच ठणठणीत आहे. कानावर शब्द पडत नाही, म्हणून तोंडातून निघत नाही, एवढंच. एका कंडक्टरनं मागे खोळंबलेल्या माणसांकडे बघत माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं बाई. बहिऱ्यांची शाळा. आता उतरा."

न ऐकणाऱ्या मुलाला बोलायला कसं शिकवतात, हा प्रश्न मला लग्नघरात हमखास विचारला जायचा. 'प' सगळ्यात सोपा. मुलाच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. 'प' नीट निघाला की पट्टी उडते. 'म'ला मुलाचं बोट आपल्या नाकावर ठेवायचं, नाक आतून गुणगुणतं ते त्याला बोटाला कळतं. मग तेच बोट त्याच्या स्वतःच्या नाकावर. 'क' मात्र घशाच्या तोंडाशी तयार होतो, तो आरशात दिसत नाही. त्यासाठी चमच्याच्या दांड्यानं जिभेचं टोक खाली दाबायचं आणि मुलानं आपल्याला चावू नये अशी आशा करायची. एकेका 'क'ला तीन-तीन महिने लागत. माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर अशा दोन-तीन 'क'च्या खुणा अजून आहेत.

दुसरी बाजू ओठ वाचण्याची. ते ऐकायला जितकं चमत्कारिक वाटतं तितकंच करायला कठीण. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पाय', 'बाय' आणि 'माय' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ तसेच मिटतात आणि तसेच उघडतात. 'मला भूक लागली' आणि 'मला पुक लागली' यांत आमच्या मुलांना काही फरक दिसत नसे, आणि शुद्धलेखनाच्या वह्यांत त्यांना फार पुका लागत.

कानातलं यंत्रही असायचं. तेव्हा ते काडेपेटीपेक्षा मोठं, छातीवर पिशवीत बांधायचं, त्यातून कानापर्यंत वायर. खारी हवा त्याला मानवत नसे. पावसाळ्यात आम्ही सगळी यंत्रं रोज संध्याकाळी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचो. एकदा स्वयंपाकीणबाईंनी घाईत त्याच डब्यातले तांदूळ यंत्रांसकट धुवायला घेतले, त्या दिवशी वर्गात कोणालाच काही ऐकू आलं नाही. फारसा फरक पडला नाही, हेही खरं.

हे सगळं मी हौसेनं सांगते आहे, कारण ते काम मला मनापासून आवडायचं. आता जे सांगायचं आहे ते तितकंसं हौसेचं नाही.

आमच्या शाळेत हातानं बोलायला बंदी होती. हा माझ्या एकटीचा लहरीपणा नव्हता, पदविकेत आम्हाला तेच शिकवलं होतं. मुलाला हातवाऱ्यांची सवय लागली की ते जिभेला कशाला कष्ट देईल, असा त्यामागचा विचार. हात मोकळे ठेवाल तर मूल जन्मभर मुकं राहील, हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं आणि ते मला पटलंही होतं. म्हणून मी टेबलावर एक लाकडी फूटपट्टी ठेवायची. कोणी खुणा करताना दिसला की मनगटावर एक टपली. फार जोरात नाही. "हात खाली," असं मी दिवसातून इतक्या वेळा म्हणायची, की नवीन मुलाला ओठांवरून सगळ्यात आधी ओळखता यायचे ते हेच दोन शब्द.

त्या काळात मुरुडच्या कोळीवाड्यातून धाकू नावाचा एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. तो तांडेल होता, म्हणजे होडीवर त्याचा शब्द चालायचा. मुलगी सात वर्षांची, रंजना. जन्मापासून बहिरी. बाकीची मुलं पहिल्या दिवशी आईबापाला चिकटून रडतात, ही वऱ्हांड्यात उभी राहून वाडीतली माणसं मोजत होती.

"बाई, हिला सगलं कलतं," धाकू म्हणाला. "फकस्त आयकू येत न्हाय."

मी कसं काय ते विचारलं, तर त्यानं हात उचलले आणि तिच्याशी काहीतरी बोलला. ती लगेच उत्तरली. दोघांचे हात इतके झरझर चालले की मला कुठला शब्द संपला आणि कुठला सुरू झाला तेच कळेना. मग तो हसला. "इचारते, हितं समुद्र दिसत न्हाय तर वारा कुटून येतो ते कसं कलतं."

सात वर्षांच्या बहिऱ्या मुलीनं असा प्रश्न विचारलेला मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या वर्गातली तिच्या वयाची मुलं 'पाणी' आणि 'पोळी' या दोन शब्दांवर होती. मला त्याच क्षणी काहीतरी सुचायला हवं होतं. मला सुचलं ते एवढंच, की मुलगी हुशार आहे, लवकर बोलेल. मी रंजनाचे दोन्ही हात धरून खाली केले आणि धाकूला समोर बसवून समजावलं.

"आजपासून हे बंद. इथे बंद आणि घरीही बंद. तिच्या समोर बसायचं, उजेड आपल्या तोंडावर घ्यायचा आणि ओठांनी बोलायचं. दहादा कळणार नाही, अकराव्यांदा कळेल."

"आनि ती हातानं कायतरी सांगाया लागली तर?"

"बघायचं नाही."

त्यानं विचारलं, "किती दिस?"

"ती बोलेपर्यंत."

"बरं," तो म्हणाला. बंदरावर वादळाचा बावटा लागला की तांडेल होडी बाहेर काढत नाही, वाद घालत नाही. तसंच त्यानं माझं सांगणं घेतलं. शाळा शिकलेल्या बाई सांगतात म्हणजे ते खरं असणार. जाताना तो रंजनाकडे वळला, हात अर्धवट उचलले, माझ्याकडे बघितलं आणि खिशात घातले. तसाच एसटीकडे गेला. ती त्याच्या हातांची वाट बघत वऱ्हांड्यात उभी होती.

पहिल्या सत्रात तिनं 'प' आणि 'म' इतरांच्या निम्म्या वेळात काढले. कागदाच्या पट्ट्या ती नुसत्या उडवायची नाही, समोरच्या मुलाच्या डोळ्यावर नेम धरून उडवायची. पण विहिरीमागे, कपडे धुवायच्या जागी, मला रोज काहीतरी चाललेलं दिसे. मी गेले की थांबे. महिन्याभरात वसतिगृहातली सगळी मुलं मुरुडच्या होड्यांवरची भाषा चोरून शिकू लागली होती, हे मला फार उशिरा कळलं. फूटपट्टीचं काम वाढलं एवढंच तेव्हा लक्षात आलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांच्या घरी जाऊन यायची. पालक सांगितलेलं करतात की नाही ते बघायला. मुरुडला धाकूच्या घरी पोचले तेव्हा त्याची बायको काशी दारासमोर बांबूंवर बोंबील टांगत होती. तिनं मला बसायला पाट दिला, चहा दिला, आणि बोंबील टांगणं न थांबवता म्हणाली, "बाई, तुमी सांगितलं म्हनून पोर सुट्टीला आली तवापासून यो मानूस हात मांडीखाली घिऊन बसतो."

"चांगलं आहे," मी म्हटलं.

"पोर समोर उबी ऱ्हाते. हात हलवते. यो भिंतीकडं बघतो. तिनं त्याचं तोंड धरून आपल्याकडं वलवलं, तर यानं डोले मिटले. दोन दिस ती जेवली न्हाय. आता घरात ती बी त्याच्याकडं बघत न्हाय."

"सुरुवातीला असं होतं, काशीताई. थोडी कळ काढायला हवी."

"आनि बोलली का कायतरी?"

"प येतो. म येतो. त येतो आहे."

काशीनं हातातला बोंबील टोपलीत ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "प, म, त घिऊन मी काय करू, बाई? तिचा बाप घरात असून न्हाय, असं झालंय."

मी तिला पदविकेतलं ते वाक्य सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. तेवढ्यात किनाऱ्यावर गडबड सुरू झाली, होड्या येत होत्या. काशी टोपली घेऊन उठली, मीही मागून गेले. रंजना आमच्या पुढे धावत होती.

मी जन्माची नागावची, समुद्र मला नवा नाही. पण आम्ही वाडीची माणसं. माड, सुपारी आणि पोस्टातली नाही तर शाळेतली नोकरी. होडी किनाऱ्याला लागताना कोळीवाड्यात काय चालतं ते मी कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. होडीचं इंजिन असं धडधडतं की दोन हातांवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि होडी अजून लांब पाण्यात असतानाच किनाऱ्यावर कळायला हवं असतं, की काय मिळालं, टोपल्या किती आणायच्या, बर्फ लागेल की नाही. म्हणून सगळं हातानं चालतं. धाकू होडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून बोलत होता. छातीशी पसरलेला तळवा म्हणजे पापलेट. ढिली लोंबणारी तर्जनी म्हणजे बोंबील. दोन्ही हात उघडून झटकले, म्हणजे फार नाही. किनाऱ्यावरून बाया उत्तरं देत होत्या, विचारत होत्या, कोणीतरी थट्टा केली आणि तीन होड्यांवरची माणसं एकदम हसली. सगळा किनारा बोलत होता आणि त्या सगळ्यांत बहिरी अशी मी एकटीच होते.

रंजना गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. बापाचे हात आज तिच्याशी बोलत नव्हते, ते काशीशी बोलत होते, धंद्याचं बोलत होते. ते मी बंद केलेलं नव्हतं. म्हणून ती तेवढंच वाचत होती. मला वाटतं, ती सुट्टीभर रोज तिथे उभी राहात असणार. मग तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि त्याला काहीतरी विचारलं.

धाकूनं ते पाहिलं. त्याचे हात वर यायला लागले. मग त्याची नजर तिच्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे गेली आणि त्यानं हात खाली घेऊन होडीची कड धरली. रंजनाचे हात तसेच वर राहिले. थोड्या वेळानं तिनं ते खाली घेतले आणि पाण्यातून बाहेर आली. रडली नाही. माझ्या बाजूनं, माझ्याकडे न बघता, घराकडे निघून गेली.

होडी लागली, मासळी उतरली. धाकू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बगितलंत ना, बाई," तो म्हणाला. "मी बोललो न्हाय." शाबासकी मिळेल असं त्याला वाटत होतं.

मी चप्पल हातात घेऊन ओल्या वाळूत उभी होते. मी म्हटलं, "धाकू, ती काय विचारत होती?"

"बोट लागल्यावर जालं साफ कराया मी येऊ का, इचारत व्हती."

"मग जाऊन सांग तिला."

"हातानं?"

"हातानं."

"आनि तो नियम?"

"तो मी केला होता. मी काढला."

तो घराकडे पळाला नाही, कोळीवाड्यात तांडेल पळत नाहीत. पण मी पोचेपर्यंत ती दोघं दारात बसली होती. त्यानं तिला जेवलीस का एवढंच विचारलं होतं, असं काशी म्हणाली. त्या एका प्रश्नाचं उत्तर रंजना पाव तास देत होती. आधीच्या सगळ्या दिवसांचं साठलेलं होतं. मधेच तिनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि काहीतरी बोलली. धाकूनं मान खाली घातली. मी अर्थ विचारला नाही.

सुट्टी संपल्यावर मी वर्गात सांगितलं, की आता हातानं बोलायला हरकत नाही. मुलांचा विश्वास बसेना. हा नवा सापळा आहे असं त्यांना वाटलं असावं. आठवडाभर ती हात पाठीमागे बांधून बसली. मग रंजनानं मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर हात उचलले, माझ्याकडे बघत एक लांबलचक वाक्य बोलली आणि थांबली. मी काही केलं नाही. त्यानंतर जो गोंगाट सुरू झाला, तो आवाजाशिवायचा असला तरी गोंगाटच होता. वर्षानुवर्षं शेजारच्या गादीवर झोपणारी मुलं एकमेकांना आपल्या गावाची नावं सांगत होती.

बोलायचे तास मी बंद केले नाहीत. आरसे, कागदाच्या पट्ट्या, चमचा, सगळं चालू राहिलं. फक्त आता 'क' कशासाठी काढायचा हे मुलांना सांगता यायचं. आणि दुपारनंतर मी विद्यार्थिनी व्हायची. मुलांनी शाळेतल्या प्रत्येकाला खुणेचं नाव दिलेलं होतं. नाना म्हणजे टोपी सरळ करणं. स्वयंपाकीणबाई म्हणजे हनुवटीवरचा तीळ. माझं नाव विचारलं की मात्र मुलं इकडेतिकडे बघत. शेवटी रंजनानं दाखवलं. डाव्या मनगटावर उजव्या हाताच्या दोन बोटांची टपली. मी म्हटलं, आता पट्टी नाही, तर नाव बदला. त्यावर मुलांची बरीच चर्चा झाली आणि मला सांगण्यात आलं, की नाव एकदा पडलं की पडलं. ते त्यांनी मला इतक्या समजुतीनं सांगितलं, की मी पुन्हा विषय काढला नाही.

नानांना हे रुचलं नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची सख्खी बहीण बहिरी होती आणि जन्मभर घराच्या मागच्या खोलीत राहिली, त्या दुःखातून त्यांनी शाळा काढली होती. मुलांनी चारचौघांसारखं बोलावं, ही त्यांची एकच इच्छा. एके सकाळी ते वऱ्हांड्यात उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

"कुमुद, हे मासळीबाजारासारखं दिसतंय."

"बरेचसे शब्द तिथलेच आहेत, नाना."

त्यांना हसू आलं नाही. "पुढच्या महिन्यात तपासणी आहे. साहेबांनी हे पाहिलं आणि मान्यता काढली, तर शाळा बंद. मग ही मुलं कुठे जातील? मागच्या खोलीत. तुझ्या या नव्या कल्पनेसाठी तेवढी किंमत द्यायची आहे का तुला?"

मी शूर वगैरे नाही. मी मुलांना सांगितलं, की साहेब येतील त्या एका दिवशी हात खाली. मुलांनी ऐकून घेतलं. रंजनानं का विचारलं. मी म्हटलं, मोठी झालीस की कळेल. हे वाक्य मला खुणांनी बोलता येत नव्हतं, म्हणून मी ते तोंडानं म्हटलं, आणि तिला ते कळू नये अशीच माझी इच्छा होती.

तपासणीचे साहेब घाटावरचे, उंचेपुरे, आणि त्यांना मिशा होत्या. साध्या नाहीत. वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्या ओठावर टेकणाऱ्या. शिवाय तोंडात पान. मुलं इस्त्रीच्या कपड्यांत, हात मांडीवर, ओळीत बसलेली. साहेबांनी पहिल्या मुलाला नाव विचारलं. तो मिशांकडे बघत राहिला. दुसऱ्याला गाव विचारलं. तोही बघत राहिला. वर्षभर घोकलेली उत्तरं मुलांच्या ओठांवर तयार होती, पण प्रश्नच दिसत नव्हता. पाचव्या मुलापर्यंत साहेबांनी वहीत काहीतरी लिहायला सुरुवात केली. नाना टोपी सरळ करत होते.

रंजनाची पाळी आली. साहेबांनी तिला काहीतरी विचारलं. ती उठली, थोडं वाकून त्यांच्या तोंडाकडे खालून बघितलं, मग माझ्याकडे वळली आणि सरळ हात उचलून विचारलं.

मुलांमधे हसू पसरलं. साहेबांनी वही खाली ठेवली. "काय म्हणते ती?"

मला खोटं सांगता आलं असतं. तब्येत बरी नाही म्हणते, असं काहीतरी. नाना माझ्याकडे बघत होते, रंजना माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, "ती विचारते आहे, साहेबांचे ओठ कुठे आहेत."

मग साहेब उठून बाहेर गेले, पान थुंकून आले, खुर्चीत बसले आणि दोन बोटांनी मिशा वर धरल्या. "आज तिथी कोणती?" त्यांनी विचारलं. मिशा वर धरून बोलणारा माणूस जितका स्पष्ट दिसेल तितकेच ते दिसत होते, म्हणजे फारसे नाही. तेव्हा मी हात उचलले आणि प्रश्न रंजनाला सांगितला.

तिनं अष्टमी सांगितली. मग तिथे न थांबता तिनं चंद्र अर्धा केला, पाणी थोडंसंच वर आणलं आणि जाळी हलकी करून दाखवली. मी भाषांतर केलं, "अष्टमी. समुद्र झोपला आहे." तिनं मान जोरात हलवली, पुढे येऊन माझा हात धरला आणि तळवा जिथे असायला हवा होता तिथे नेऊन ठेवला. मग मला कळलं. भांग. अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटी मंद असते, त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. साहेब घाटावरचे, त्यांना तो शब्द माहीत नव्हता. रंजनानं त्यांच्या टेबलावरचं पाण्याचं भांडं जवळ ओढलं, त्यात बोट बुडवून टेबलावर भरतीच्या रेघा ओढल्या. अमावस्येला पाणी इथवर, आज इथवर. मासा किती, तेही दाखवलं. आणि शेवटी तोंडानं म्हणाली, "बाग." 'भ' आणि अनुस्वार तिला अजून यायचे होते. पण तिला सांगायचं होतं म्हणून ती ते म्हणाली, कोणी पट्टी धरली नव्हती.

साहेबांचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. त्यात लिहिलं होतं, की मुख्याध्यापिका हातवाऱ्यांचा वापर करतात, हे प्रचलित पद्धतीला धरून नाही. हातवाऱ्यांत त्यांची प्रगती बेताची असून एक विद्यार्थिनी त्यांना शिकवताना आढळली. मुले तरतरीत आहेत. मान्यता चालू ठेवावी. नानांनी तो कागद दोनदा वाचला. पुढे मी काही चूक केली की ते "प्रगती बेताची" एवढंच म्हणायचे. स्वतः ते शेवटपर्यंत एकच खूण शिकले, चहाची.

रंजनाच्या आधी सहा वर्षं मी ती फूटपट्टी वापरली होती, हे मला इथे लिहायलाच हवं. त्या वर्षांतल्या मुलांपैकी विलास आज अलिबागला शिवणकाम करतो. एकदा पडद्यांचं कापड घेऊन मी त्याच्याकडे गेले आणि मनात होतं ते बोलले. तो मशीन थांबवून माझे ओठ वाचत होता. मग त्याच्या त्या जड, सपाट, पण कळणाऱ्या आवाजात म्हणाला, "बाई, बोलायला शिकवलंत, बरं केलंत. गिऱ्हाईकाशी बोलतो. पण सहा वर्षं वसतिगृहात मी कोणाशी गप्पा मारल्या नाहीत." तो रागावलेला नव्हता. त्यानं पडदे वेळेत दिले.

गेल्या हिवाळ्यात मी मुरुडला गेले होते. रंजना आता चाळिशीकडे आली आहे. नवरा तिच्यासारखाच बहिरा, मुलगा ऐकणारा. सकाळी बंदरावर मासळीचा लिलाव होतो, त्या गलक्यात बोली बोटांनीच लावायची असते, आणि तिथे तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही असं मला दोघातिघांनी सांगितलं. मोबाइल आल्यापासून ती आमच्या जुन्या मुलांशी तासन्‌तास हातानं बोलते, फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवते.

धाकू पडवीत जाळं दुरुस्त करत बसला होता. मी हाक मारली, त्यानं मान वर केली नाही. काशी म्हणाली, "त्याला आता आयकू येत न्हाय. इंजिनानं कान खाल्लं." चाळीस वर्षं त्या धडधडीशेजारी उभं राहिलेल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचं तिथे तसंच झालं आहे. शेजारचा एक असाच म्हातारा ओट्यावर एकटा बसून होता, घरातली माणसं त्याच्याशी ओरडून दोन शब्द बोलायची आणि कंटाळून आत जायची.

तेवढ्यात रंजना बंदरावरून आली. टोपली ठेवली, बापासमोर उकिडवी बसली आणि सकाळची सगळी हकिगत त्याला सांगायला लागली. कोण आलं, काय मिळालं, कोण कोणाशी भांडलं. धाकू जाळं सोडून बघत होता, मधेच काहीतरी विचारत होता, हसत होता. मी इतक्या वर्षांच्या सरावावर विसंबून लक्ष देत होते, पण त्यांचा वेग मला झेपेना. निम्मं कळलं, निम्मं सुटलं. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा एकमेकांकडे बघितलं आणि खांदे हलवून हसू लागली.

मी हातानं विचारलं, काय चाललंय.

रंजनानं बापाला नको म्हणून खुणावलं. त्यानं ऐकलं नाही. ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्यांच्यासारखा तो जरा मोठ्यानंच बोलला, "ती सांगते, बाई म्हाताऱ्या झाल्या, पन बोलताना अजून तोंड केवढं वासतात. सुरमई जाईल आत."

काशी पदर तोंडाला लावून आत गेली. रंजना अगदी निरागस चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं. मग तिनं मला जेवूनच जा म्हणून सांगितलं, हातानं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, म्हणजे मला नीट कळेल.